गाण्यातली नेमकी कोणती जागा तुम्हाला धरून ठेवते?

कृष्णाकाठ (सांगली)

आवडतं गाणं कोणतं असं विचारलं की आपण लगेच दहा नावं सांगतो. याद्यांचे धागे भरपूर झाले, मला यादी नको आहे. एकच रचना घ्या. ख्याल असो, लावणी, अभंग, सिनेमातलं गाणं, पाश्चात्त्य संगीत, लग्नातला बँड, काहीही चालेल. आणि सांगा की तिच्यात नेमक्या कोणत्या जागी तुम्हाला काहीतरी होतं, आणि काय होतं.

माझं मत आधीच मांडते. सबंध गाणं कुणालाच आवडत नसतं. एक जागा आवडते, आणि ती येणार म्हणून बाकीचं गाणं आपण प्रेमाने ऐकतो. पटत नसेल तर खुशाल भांडा.

फक्त 'अप्रतिम, शब्द नाहीत' लिहून थांबू नका. शब्द शोधायलाच तर धागा काढलाय. आपल्या भागातल्या मंडळींनी लिहायलाच हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, आणि देशभरचे गवई तंबोरा मांडीवर घेतात तो मिरजेचा. इथल्या कानांना काय लागतं ते मला वाचायचंय.

विश्रामबाग

पहिला नंबर माझा! उत्तर सवडीने देतो, ऑफिसात हेडफोन नाही.

हरिपूर_रोड

ताई, तुमचं मत मला मान्य नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

नाट्यपदातली जागा पदाच्या आत शोधायचीच नसते. नाटककार देवल आमच्या हरिपूरचे, त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद घरी रेकॉर्डवर ऐकलं तर एक चांगलं पद, एवढंच. ते नाटकात ऐका. कोवळ्या पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायचं घाटतंय. ती गाते, पद संपतं, ऑर्गनचा सूर अजून क्षणभर रेंगाळत असतो आणि त्या सुरावरच तिचं गद्य वाक्य सुरू होतं. गाण्यातून बोलण्यात उतरायची ती जी पायरी आहे ना, तिथे माझ्या पोटात खड्डा पडतो. चांगली नटी बोलतानाही तो सूर सोडत नाही, वाक्य त्याच पट्टीत उचलते. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही की गाणं कधी थांबलं.

म्हणून माझं म्हणणं, शारदेच्या या पदाला वन्समोअर देऊ नये. ती पायरी मोडते.

विश्रामबाग

काका, भावे नाट्यमंदिरात बसून हे मोठ्याने बोलू नका. मागच्या रांगा ऐकायच्या नाहीत!

मूळची_आटपाडीची

गदिमा आमच्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, तेव्हा गीतरामायण मी सोडणार नाही.

१ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं आणि मग वर्षभर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. सुधीर फडक्यांनी पहिल्या गीताला भूप राग घेतला आणि शेवटच्या, छप्पन्नाव्या गीताला भैरवी. आता गोष्ट बघा. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर बसून गातायत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना सांगतायत की जा, गा. म्हणजे कथेच्या क्रमाने शेवटचं गीत पहिल्याच्या आधी घडतं! भैरवी संपते आणि माझ्या डोक्यात आपोआप भूप सुरू होतो. रेकॉर्डवर तिथे काहीच वाजत नसतं. माझी जागा ती आहे, दोन गीतांच्या मधली रिकामी.

आमच्याकडे हे घरातलं गाणं आहे. आई भाकऱ्या थापताना म्हणायची आणि कडवं विसरली की तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत गुणगुणत राहायची, मग आठवायचं. त्यामुळे काही कडव्यांच्या मधे मला अजून तिचं गुणगुणणं ऐकू येतं, फडक्यांनी ते केलेलं नसलं तरी.

कृष्णाकाठ (सांगली)

आटपाडीच्या ताई, पहिलं आणि शेवटचं गीत इतक्या वेळा ऐकूनही हे असं कधी जोडून पाहिलं नव्हतं. आज दोन्ही एकामागून एक ऐकणार.

भोपळा_आणि_तार (मिरज)

सगळे गाण्याबद्दल लिहितायत. माझी जागा गाणं सुरू व्हायच्या आधीची आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो वाळवायचा, कापायचा, त्याला तबली आणि दांडी जोडायची. हे सगळं करून तारा चढवल्या तरी वाद्य मुकंच असतं. आवाज असतो, पण टणटण. मग जवारी काढायची. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. तो कानशीने, मग बारीक पॉलिश कागदाने असा घासायचा की तार घोडीला एका जागी टेकत नाही, थरथरताना सगळ्या उतारावर घसटते. आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका ठिकाणी तो धागा आला की टणटण संपते आणि तार एकदम बोलायला लागते. लांबलचक, झळाळत. कानस एक हात जास्त चालली तर उतार बिघडतो आणि सगळं पहिल्यापासून.

आता जागा. खर्जाची तार छेडा आणि कान द्या. वाजवताय षड्ज, म्हणजे सा, पण थोड्या वेळाने वर गांधार, म्हणजे ग, ऐकू येतो. कुणी वाजवलेला नाही, गायलेला नाही. स्वयंभू गांधार म्हणतात त्याला. जवारी चांगली असली तरच तो स्पष्ट येतो. लहानपणी वडील विचारायचे, "आला का?" आणि मी नुसता हो म्हणायचो नाही, गाऊन दाखवायचो. तेव्हा ते धागा तिथेच ठेवायचे.

तो पहिल्यांदा येतो तेव्हा मला आजही बरं वाटतं. घरात पाहुणा आल्यासारखं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. आता ऐकणारे कान पण मिळोत.

विश्रामबाग

दादा, एक विचारू का? मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं ना, त्यात येतो का हा गांधार?

भोपळा_आणि_तार (मिरज)

चांगल्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेतलेलं असलं तर येतो. रियाजाला ॲप वापरा, माझी हरकत नाही, सगळ्यांना घरात तंबोरा ठेवणं झेपत नाही. पण मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज निघतच नाही. आणि ॲप कायम सुरात असतं. खरा तंबोरा पावसाळ्यात उतरतो, लाकूड दमट होतं, खुंट्या अडतात, पुन्हा पुन्हा मणी सरकवून मिळवावा लागतो. त्या मिळवण्यातच गवयाचा कान तयार होतो.

जतचा_गडी

समदी मोठी मोठी मानसं बोलाय लागल्यात, पर आमचं बी ऐका.

आमच्याकडं धनगरांचा गजी ढोल असतोय. पांढरा झगा, हातात रंगीत रुमाल, मधी ढोल आणि झांज, भोवतीनं नाचणारी गडी. आदी ओवी व्हती. "सुंबरान मांडलं" म्हणून सुरवात करायची, म्होरक्या कानावर हात ठेवून कथा सांगतोय, मागचं झील धरत्यात. बिरोबाची कथा चालू, रात चढल्याली, सगळं सावकाश. आणि एका जागंला म्होरक्या थांबतोय आणि ढोलावर पयली थाप पडती. ती थाप कानाला नाय ऐकू येत गड्यानू, छातीत ऐकू येती. आरेवाडीच्या बनात जत्रंला उभं ऱ्हावून बघा. धा-बारा ढोल एकदम.

दुसरी गोष्ट. 'सैराट' आला २०१६ ला. अजय-अतुलनी त्याचा ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला जाऊन वाजवून घेतला. आमच्या पोरांनी थेटरात नाचून धिंगाणा घातला ते वेगळं, पर मला त्यातली व्हायोलिनं आवडली. एवढी व्हायोलिनं आमच्यासारख्या गावच्या गोष्टीसाठी वाजत्यात, ह्या इचारानंच डोळं भरलं. ढोल आमचा, तारा त्येंच्या, आणि कुठं जोड दिसत न्हाई.

हरिपूर_रोड

जतच्या भावा, ढोल छातीत ऐकू येतो हे बरोबर. पण मिरवणुकीतली डॉल्बीही छातीतच ऐकू येते, तिला काय म्हणशील? गेल्या गणपतीत आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

जतचा_गडी

काका, डॉल्बी एकाच जागी हानती आणि हानतच ऱ्हाती. ढोल थांबतोय. थांबल्यावर कळतंय वाजत व्हता ते. डॉल्बीला थांबायचं ठावंच न्हाई.

विश्रामबाग

हे वाक्य पोलीस ठाण्याच्या फलकावर लावा.

लोणंद_जंक्शन

थांबण्यावरून विषय निघालाच आहे तर माझी जागा सांगतो. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम, मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. रिंगणाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मला ओढ असते ती संध्याकाळच्या समाज आरतीची.

तळावर सगळ्या दिंड्या गोळा झालेल्या असतात. हजारो टाळ, मृदंग, प्रत्येक दिंडीचा आपापला अभंग. बाहेरच्याला तो नुसता कल्लोळ वाटेल. आणि चोपदार हातातला दंड वर करतो. एवढंच. सगळं थांबतं. हळूहळू विरत नाही, एका झटक्यात. एखादा टाळ चुकून किणकिणला तर तो शेजारचा हाताने दाबतो. मग चोपदार हरवलेल्या वस्तूंचं, निघायच्या वेळेचं वगैरे पुकारतो, आणि आरती.

दंड वर जाऊन पुकारा सुरू होईपर्यंतचे ते दोन-तीन श्वास. माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, दर वर्षी. मी वारकरी घरातला नाही, माळ घातलेली नाही. कारण शोधत बसलो नाही. इतकी माणसं एका हाताच्या इशाऱ्यावर आपापलं गाणं खाली ठेवतात, हे मला पुरतं.

कृष्णाकाठ (सांगली)

लोणंदचे दादा, जतचा गडी आणि आटपाडीच्या ताई, तुम्ही तिघांनी जिथे काहीच वाजत नाही अशी जागा सांगितलीत! माझ्या मूळ मताला हे धरून आहे की त्याच्या विरुद्ध, मी विचार करते आहे.

वाईची_लेक

कुणीतरी लावणीचं नाव काढेल म्हणून वाट पाहत होते. सिनेमातल्या लावणीबद्दल बोलत नाही, बैठकीच्या लावणीबद्दल बोलते. आमच्या वाईच्या यमुनाबाई वाईकर. २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा नव्वदी उलटलेली होती, २०१८ साली गेल्या.

बैठकीची लावणी बसून गातात. पायात चाळ आहेत, पण बाई उठत नाही. जे काय करायचं ते गळ्याने, हाताने आणि डोळ्यांनी. यमुनाबाई एकच ओळ घ्यायच्या आणि पुन्हा पुन्हा म्हणायच्या. पहिल्यांदा तक्रार, दुसऱ्यांदा लाडिगोडी, तिसऱ्यांदा धमकी, मग एकदम हार. शब्द तेच, चालही जवळजवळ तीच. अदा म्हणतात त्याला. माझी जागा चौथी-पाचवी आवृत्ती. तोवर समोरच्याला वाटतं की आता ओळीतलं सगळं काढून झालं. आणि बाई मान थोडी वळवतात, एक शब्द जरा उशिरा टाकतात, आणि ओळीचा अर्थच फिरतो.

मी त्यांना म्हातारपणी ऐकलं. आवाज थकलेला होता. पण तो शब्द उशिरा पडायचा तो बरोबर तेवढाच उशिरा. अंगावर काटा यायचा आणि राग पण यायचा, की या कलेला आपण इतकी वर्षं माजघरात येऊ दिलं नाही. माझ्या आजोळी लावणीचं नाव काढलं तर दार लावायचे. आज त्याच घरातल्या मुली शाळेच्या गॅदरिंगला लावणी करतात. चांगलं आहे, पण ती बसून गाण्याची लावणी त्यांच्यापर्यंत पोचायला हवी.

सज्जनगड_पायथा (सातारा)

निवृत्त शिक्षक आहे, मराठी आणि संस्कृत शिकवलं. माझी रचना समर्थांची करुणाष्टकं. गायक कुणी नाही, सगळे म्हणतात. सज्जनगडावर संध्याकाळी ऐकावीत.

'अनुदिनि अनुतापे तापलो रामराया'. हे मालिनी वृत्त. गण न न म य य. पंधरा अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे थांबा. पहिली सहा अक्षरं मोजून पाहा, अ-नु-दि-नि-अ-नु, सहाही लघू. माणूस धापा टाकत चढ चढतो आहे. मग एकदम ता-पे-ता, तीन गुरू. पाऊल जड झालं, थांबला. माझी जागा ती सहावी मात्रा ओलांडून 'ता'वर येणं. गडाच्या पायऱ्या चढून जो आलाय त्याला हे वृत्त समजावून सांगावं लागत नाही, त्याचा श्वास त्याच लयीत असतो. मी वर्गात मालिनी शिकवायचो तेव्हा मुलांना आधी जिन्याच्या पायऱ्या चढायला लावायचो.

विश्रामबाग

सर, तुमच्या हाताखाली शिकलो असतो तर वृत्तांचे मार्क गेले नसते. साताऱ्याहून येताना कंदी पेढे घेऊन या, सांगलीचं भडंग आमच्याकडून.

कराडी_कोयना

सर, तुमचा प्रतिसाद वाचून उडालोच. मी लिहिणार होतो ते पाश्चात्त्य संगीताबद्दल, पण तुमच्याशी थेट जुळतं.

बीथोवनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग. पहिला प्रयोग व्हिएन्नात, ८ डिसेंबर १८१३, त्याने स्वतः चालवला. लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी कार्यक्रम होता आणि हा दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. हरिपूरचे काका, वन्समोअर तिकडेही होता!

यात सुरुवातीला धून म्हणावी असं जवळजवळ काही नाही. खालच्या पट्टीतल्या तंतुवाद्यांवर एकच स्वर पुन्हा पुन्हा, फक्त एक ठेका. लांब, आखूड, आखूड, लांब, लांब. तेच चालू राहतं. मग त्याच्यावर व्हायोला आणि चेलो एक वेगळी धून सुरू करतात, लांबलचक, दुःखी, आणि खाली ठेका तसाच चालतो. ती दुसरी धून आत येते ती माझी जागा. आपण त्या ठेक्यालाच गाणं समजून बसलेलो असतो, आणि कळतं की ती जमीन होती.

मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं. शास्त्रीय संगीताचा काही अभ्यास नाही, ना आपल्या ना त्यांच्या. त्या रात्री पुन्हा पुन्हा तेवढाच भाग लावत राहिलो, शेजारच्या खोलीतला मित्र उठून आला आणि तोही ऐकत बसला.

सज्जनगड_पायथा (सातारा)

गुरू, लघू, लघू, गुरू, गुरू. कोयना, तुम्ही सांगितलेला ठेका गणात बसवला तर भगण आणि पुढे दोन गुरू. मी ते ऐकलेलं नव्हतं. नातवाने आत्ता लावून दिलं. टेबलावर बोटाने धरला आणि सुटेना. माझ्या करुणाष्टकात लघू आधी, गुरू नंतर; इथे गुरूने सुरुवात. म्हणून हा चढणाऱ्याचा श्वास नाही, खांद्यावर ओझं घेऊन सपाटीवर चालणाऱ्यांचा आहे. सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात लोकांनी तो पुन्हा मागितला याचं नवल वाटत नाही.

अपशिंगेकर

नमस्कार. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. आमचं गाव अपशिंगे मिलिटरी, घराघरात फौजी, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक गावात आहे. सैनिकांचा विषय निघाला म्हणून लिहितोय. एरवी मी नुसता वाचतो.

बिगुलावरचा लास्ट पोस्ट. गाणं म्हणा किंवा म्हणू नका. अंत्यसंस्काराला वाजतो. मी तो सावधानमध्ये उभं राहून ऐकलेला आहे, ओळखीच्या माणसांसाठी. त्या वेळी हलता येत नाही, डोळे पुसता येत नाहीत. सुरुवात खालून होते आणि सूर वर चढून तिथे धरून ठेवतात. बिगुलवाला नवा असेल तर तो सूर हलतो, कापतो. पण जुना असून कापला तर समजायचं की त्याचा पण कोणीतरी होता. माझी जागा तो वरचा धरलेला सूर. छाती ताणलेली, हनुवटी वर, आणि आत सगळं वाहून चाललेलं.

एक गोष्ट बिगुलवाल्याने सांगितलेली. बिगुलाला बटणं नसतात. नळी एकच. जे काही करायचं ते ओठांनी. म्हणून त्यात सूर अगदी मोजके.

कराडी_कोयना

हवालदारसाहेब, आधी तुम्हाला सलाम.

तुमच्या त्या शेवटच्या ओळीवरून भोपळादादांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. नळी एकच असल्यामुळे बिगुलातून फक्त त्या नळीचे नैसर्गिक उपस्वर, म्हणजे मूळ कंपनाच्या पटीतले स्वर, निघतात. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा असे. आपल्या भाषेत खालचा पंचम, षड्ज, गांधार, वरचा पंचम. यातला गांधार पाचवा उपस्वर आहे. आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो कोणता? त्या तारेचा पाचवा उपस्वर. मूळ कंपनाच्या बरोबर पाचपट.

म्हणजे मिरजेच्या दुकानात कानस थांबवणारा गांधार आणि अपशिंग्याच्या जवानाला निरोप देणारा गांधार एकच आहे. दोन्ही ठिकाणी तो माणसाने ठरवलेला नाही, तारेच्या आणि नळीच्या पोटातून आपणहून येतो. पेटीवर हा गांधार मिळत नाही. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा गांधार सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ऐकायला बारीक, पण तंबोऱ्याशेजारी पेटी धरली की कानाला बोचतं.

भोपळा_आणि_तार (मिरज)

कोयना, पाचपट वगैरे आम्ही मोजत नाही, पण पेटीचा गांधार चढा हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत. अगदी बंद करावी असं मला वाटत नाही, पण कारण होतं.

हवालदारसाहेब, मिरजेला या. तंबोरा मिळवून समोर ठेवतो, तुमचा बिगुलातला सूर त्यात दाखवतो.

हरिपूर_रोड

पेटीवर सगळे तुटून पडू नका. मराठी रंगभूमी ऑर्गनवर उभी राहिली. मी वर शारदेची जी जागा सांगितली ती ऑर्गनचा सूर लांबतो म्हणून शक्य होते. तंबोरा विंगेत ठेवला तर तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणार नाही. चौदा सेंट चढा असेल, पण त्या चढ्या गांधारावर आमच्या तीन पिढ्या रडल्यात.

अपशिंगेकर

येतो मिरजेला. नातीला घेऊन येतो, ती गाणं शिकते. हरिपूरच्या साहेबांचं पण बरोबर आहे, आमच्या बँडमधली बाकीची वाद्यं पेटीच्याच सुरात असतात, त्यावर कदम चुकत नाही.

वाईची_लेक

आणि आमच्या फडावर पेटी नसेल तर लावणीच उभी राहत नाही. हरिपूरच्या काकांच्या बाजूने माझं एक मत.

विश्रामबाग

आता माझं उत्तर, आणि नंतर एक तक्रार. माझी जागा औंधच्या संगीत महोत्सवातली. गाणं कुणाचं होतं ते महत्त्वाचं नाही, कारण जागा मारव्यात होती आणि ती सगळ्यांच्या मारव्यात असते. मारव्यात षड्ज टाळतात. गवई कोमल ऋषभावर, धैवतावर फिरत राहतो आणि तंबोरा मात्र सारखा षड्ज वाजवतोय. आपण घराच्या दारात उभे आणि आत जाता येत नाही. मला अक्षरशः अस्वस्थ व्हायला होतं, मांडी बदलतो. आणि खूप वेळाने गवई षड्जावर टेकतो. अख्खा मंडप सुटकेचा श्वास सोडतो, ऐकू येईल इतका. मी तिथे हसतो. दाद म्हणून नाही, आनंदच तेवढा होतो.

तक्रार अशी की कृष्णाकाठताईंनी सगळ्यांना बोलतं केलं आणि स्वतःची जागा सांगितलेलीच नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सांगते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. जुनी तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढीच. ती आणि त्यांचा वसंत ऐकून भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी घर सोडून गुरू शोधायला निघाले. १९३५च्या 'देवदास'मध्ये सैगलांनी हीच ठुमरी गायली.

झिंझोटी हा खालच्या अंगाने फिरणारा राग, मंद्र आणि मध्यात राहणारा. खाँसाहेबांचा गळा मात्र उंच पट्टीतला, बारीक, टोकदार. राग खाली ओढतो आणि आवाज मुळातच वर आहे. त्या ओढाताणीतून 'चैन' या शब्दावर येतात तेव्हा ते तो शब्द ठासून म्हणत नाहीत, सुरावर ठेवतात आणि हात काढून घेतात. मला रडू येत नाही. माझा श्वास अडतो आणि तान पुढे गेल्यावर लक्षात येतं की आपण घेतलाच नव्हता. शब्दाचा अर्थ 'स्वस्थता' आणि ती मिळत नाही असं गाणं म्हणतंय, पण सूर इतका स्वस्थ आहे की त्या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी सहन होत नाहीत.

खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर गेले. त्यांना मिरजेला आणलं. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथेच झाडाखाली गाणं होतं. किराणा घराण्याची मोठमोठी मंडळी तिथे गाऊन गेली आहेत.

आणि हो, माझं पहिलं मत थोडं बदलते. जागेसाठी बाकीचं गाणं ऐकतो असं मी म्हटलं होतं. लोणंदच्या दादांचं आणि मारव्याचं वाचून वाटतं की बाकीच्या गाण्यानेच ती जागा बांधलेली असते. नुसती कापून ऐकवली तर ती कुणालाच लागणार नाही.

भोपळा_आणि_तार (मिरज)

ताई, तबकडी आमच्या घरातली, त्यामुळे इथे मला बोललंच पाहिजे. जागा 'चैन'वर नाही. त्याच्या आधी 'नाही'वर आहे. तिथे खाँसाहेब सूर किंचित झुकवतात आणि पुढच्या 'चैन'चं सगळं काम तिथेच होऊन जातं. तुमचा श्वास 'चैन'वर अडतो कारण तो 'नाही'वर पकडला गेलेला असतो.

मूळची_आटपाडीची

मी आत्ता दोनदा ऐकलं. मला भोपळादादांचं पटतंय.

सज्जनगड_पायथा (सातारा)

मला ताईंचं. 'नाही'वर सूर झुकतो हे खरं, पण तो झुकतोय हे कळतं ते 'चैन' आल्यावरच.

विश्रामबाग

दोघांनी आपापली जागा मिनिट-सेकंदासकट लिहून द्या. आज घरी हेडफोन आहे. आणि जतच्या भावा, तू पण ऐक आणि सांग, तुझा कान कुणाच्या वशिल्याचा नाही.

जतचा_गडी

ऐकतोय. पर तीन मिनिटात एवढं भांडन बसवनारा मानूस लई मोठा असनार. धा मिनिटं द्या मला.